बिनबाळाचं दूध

२ फेब्रु. २००३, रवि.
पाळी नाहीच. चौथा महिना. गोळी वाढवली तेव्हापासून. कानातलं बोलणं मात्र पूर्ण बंद, शांत झोप लागते. तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

५ फेब्रु.
टायपिंग क्लासवर मुलींचा स्पीड घेत होते. कुडता पुढून ओला. पाणी सांडलं असेल वाटलं. बाथरूममध्ये पाहिलं. दूध. माझं. दिवसभर ओढणी पसरून बसले. सव्वीस वर्षं, लग्न नाही, आणि हे.

८ फेब्रु.
आईने धुण्यात डाग पाहिला. दार लावून घेतलं.
"क्लासमधला कोणी आहे का? खरं सांग. नानांना कळू देणार नाही."
"कोणी नाही गं आई."
"मग हे आपोआप येतं?"
शपथ घेतली. आजारात मी काय काय खरं म्हणून सांगितलं होतं. शेजारचे भिंतीतून बोलतात, पाण्यात काहीतरी घातलंय... आता कसं पटावं तिला?

१० फेब्रु., सोम.
पंचवटीत ओळखी फार, म्हणून आईने रिक्षाने थेट नाशिकरोडला नेलं. लघवी तपासली. काही नाही. आई बाकावर बसून रडली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. राग आला. बाटली धरून रांगेत मी उभी होते. येताना तिने मोसंबी घेतली.

११ फेब्रु.
गोळी थुंकून टाकावी वाटलं. पावसाळ्यात तेच केलं होतं. तीन आठवड्यांत अनवाणी घाटावर सापडले, म्हणून तर गोळी वाढली. जिभेखाली धरून ठेवली. विरघळायला लागली, कडू. गिळली.

१५ फेब्रु., शनि.
डॉक्टर. नाना नेहमीसारखे शेजारच्या खुर्चीत. "झोपते, जेवते, आता बडबडत नाही." दोन वर्षं माझी उत्तरं वडील म्हणून तेच देतात. आज म्हटलं, "नाना, जरा बाहेर थांबता?" चेहरा उतरला त्यांचा. उठले. मग टेबलाच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं.
"गोळीने होतं हे. आधी का नाही सांगितलं?"
विचारलं कोणी? (बोलले नाही.)
रक्त मुंबईला पाठवलं.

२२ फेब्रु.
रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिन, दूध आणणारं हार्मोन, खूप वाढलेलं. ही गोळी हळूहळू कमी, दुसरी सुरू. "मधल्या काळात आवाज परत येऊ शकतात. आले तर लगेच सांगायचं." आईलाही आत बोलावून समजावलं. रिक्षात तिने माझा हात धरला. मी काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

१० मार्च, सोम.
जुनी गो. अर्धी, आठवा दिवस. दूध कमी झालंय, की मलाच वाटतं... पाळी नाही. आई चहा देताना विचारते, "आली का?" नाना पेपरातून मान वर न करता, "काही ऐकू येतं का?" दोघांनाही नाही म्हणते.
आज क्लास सुटल्यावर, मशीन सगळी बंद, कोणीतरी माझं नाव घेतल्यासारखं वाटलं. एकदाच. जिन्यात एखादी मुलगी असेल.
जाऊन पाहिलं नाही.