शेपटीतल्या दोन केबल

३ मार्च, सोमवार.
संकल्प : यंदा हातून एकही चूक होऊ द्यायची नाही. गेल्या वर्षीही झाली नव्हती. ऑईलचं झाकण हवेत उडालं खरं, पण तो झाकणाचा दोष.
नव्या इन्स्पेक्टर मिसेस लाकास आल्या. आल्या आल्या नवा नियम : कुठलंही काम झालं की दुसऱ्या मेकॅनिकने तपासायचं, मग सही करायची. मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षं झाली विमानांच्या या हँगरमध्ये, मी हे काम झोपेतसुद्धा करतो. म्हणाल्या, 'एल्वुड, मला त्याचीच काळजी आहे.'
बाई नवीन आहेत. शिकतील.

५ मार्च, दुपारी २.
नऊ आसनी विमानाच्या शेपटीतल्या केबल बदलल्या. पायलटने छोटं चाक फिरवायचं, केबल ओढली जायची, विमानाचं नाक वर नाहीतर खाली. एवढ्याशा गोष्टीला पुस्तकात चौदा पानं! पुस्तक ऑफिसात. बाहेर उणे बावीस. गेलो नाही.
मध्येच बायकोचा, बर्निसचा फोन. शनिवारी बर्फावर दगड सरकवायला जमतो त्या कर्लिंग क्लबात केक कुठला न्यायचा? मी चॉकलेट म्हटलं, ती गाजर. फोन ठेवला तेव्हा एक केबल डाव्या हातात होती, एक उजव्या. कुठली कुठली, ते अनुभवाने ओळखलं.

४.३०.
दुसरी सही. दुसरा मेकॅनिक लॉयड हॅमचं सँडविच खात होता. शेपटीकडे बोट दाखवून म्हटलं, बघ. त्याने बघितलं. वीस फुटांवरून, पण बघितलं. सही झाली. नियम म्हणजे नियम.

६ मार्च, सकाळी ९.१०.
विमान गेलं. पायलट वांडा. प्रवासी तीन : एक दंतवैद्य, दोन नर्सेस. उत्तरेकडच्या वस्तीत दातांचा दवाखाना आहे म्हणे.

९.३५.
विमान परत येतंय. रेडिओवर वांडा सांगत होती, नाक वर चढतंय, खाली आणायला चाक फिरवावं तर आणखीच चढतंय. मी सुचवलं, वारा असेल. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

९.५५.
उतरली. चाक उलटं चालतंय हे तिला हवेतच उमगलं. तोवर तिने आणि शेजारी बसलेल्या दंतवैद्याने मिळून नाक खाली ठेवायचा दांडा सगळ्या ताकदीनिशी पुढे दाबून धरला होता. दंतवैद्य खाली उतरून म्हणाला, इतका जोर आयुष्यात कुठल्याच दाढेला लावला नव्हता.

दुपारी १२.
शेपूट उघडली. केबल उलटसुलट जोडलेल्या. अर्थात डावं-उजवं हे माणूस कुठे उभा आहे त्यावर असतं.

७ मार्च.
चौकशी. तीन मुद्दे तयार ठेवले होते : पुस्तक लांब, फोन, लॉयड. तिन्ही मांडले. मिसेस लाकासांनी लॉयडला विचारलं, तू नक्की काय पाहिलंस? गाढव म्हणाला, 'हॅम.'
वांडा कोपऱ्यात बसली होती. ती ओरडेल म्हणून मी उत्तरही जुळवून ठेवलं होतं. ओरडली नाही. म्हणाली, 'मागे बसलेली नर्स माझ्या तोंडाकडे बघत होती, एल्वुड. मी तिला हसून दाखवलं.'
घरी जेवलो नाही. बर्निसला सांगितलं, पोट बरं नाही.

८ मार्च, शनिवार.
पोट बरं आहे. मिसेस लाकासांचा निरोप : सोमवारी सगळ्यांसमोर सुरक्षेवर मी बोलायचं. म्हणजे शेवटी अनुभवाची कदर झाली! विषय ठरवला : 'इतरांच्या चुका : एकतीस वर्षांचं निरीक्षण.' सात पानं लिहून झाली. कर्लिंगला गेलो नाही. बर्निस एकटीच केक घेऊन गेली. गाजराचा.

१० मार्च.
सुरुवात झकास झाली. म्हटलं, 'समजा, एखाद्या मेकॅनिककडून केबल उलट्या जोडल्या गेल्या...' वांडाने विचारलं, 'कोणाकडून?' मी म्हटलं, समजा. ती पुन्हा, 'कोणाकडून?'
'माझ्याकडून.'
कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग झालं ते सगळं सांगितलं. फोन, सँडविच, सगळं. चार मिनिटं लागली. सात पानं खिशातच.
दुपारी केबल पुन्हा जोडल्या. पुस्तक उघडं, मिसेस लाकास शेजारी उभ्या. सहाव्या पानावर ठळक अक्षरांत : या केबल उलट्या जोडल्या जाऊ शकतात, काढण्याआधी खूण बांधा. आत्ताच घातलं असणार, म्हणून छपाईची तारीख पाहिली. मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीची.

११ मार्च, सकाळी ९.
चाचणीचं उड्डाण. वांडा म्हणते, ज्याने जोडलं तो माझ्या शेजारी बसणार. मी म्हटलं, माझं वजन जास्त होईल. म्हणाली, 'दंतवैद्यापेक्षा कमीच आहे तुझं. चढ.'

१०.४०.
उडालो, उतरलो. सगळं ठीक.
चढण्याआधी म्हटलं होतं, एकच मिनिट. मागे जाऊन शेपूट पाहिली. लॉयडला बोलावून जवळून पाहायला लावली, हात लावून. मग मिसेस लाकासांना. मग वांडाला चाक फिरवायला सांगून पुन्हा मीच पाहिली. मग तिलाही खाली उतरवून दाखवली.
उड्डाणाच्या वहीत उशिराचं कारण लिहायला एक रकाना असतो. वांडाने तिथे माझं नाव लिहिलं.