बसा!

८ सप्टेंबर

आज पण तेच. ‘बसा!’

आल्याबरोबर केबिनमध्ये गेलो. म्हणालो, बसून कंटाळा आला साहेब, काम द्या. सुपारी चघळायचा आवाज थांबला. मग – “भूषण, तुमी काहून तकलीफ करून घेता? पगार बराबर जमा होऊन राहिला ना? बसा निवांत.” आणि बेल.

बेल वाजली की नरसिंगमामा येणार. आमचे शिपाई. काही न विचारता माझा दंड धरतात आणि पाण्याच्या जारशेजारच्या खुर्चीवर मला नेऊन ठेवतात. नेऊन ठेवतात, हाच शब्द बरोबर आहे.

परीक्षा देऊन लिपिक झालो मी. मराठी टायपिंग असं करतो की डोळस माणूस मागे पडेल. आणि सेनगावात येऊन करतो काय, तर कोण किती पाणी पितो ते ऐकतो! आज एक म्हातारा पाणी प्यायला आणि जाताना माझ्या तळहातावर नाणं ठेवून गेला. सरकारी खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हातावर! मी काही बोलायच्या आत त्याच्या चपला पायरीपाशी पोचल्या होत्या. ते नाणं मी जारखाली ठेवून आलो. हात दोनदा धुतले.

कार्यालय कोणतं ते इथेही लिहीत नाही. ही डायरी फोनमध्ये पडदा काळा ठेवून, तो कानात बोलेल ती अक्षरं ऐकत लिहितो म्हणून कोणी डोकावून वाचू शकत नाही, तेवढंच एक सुख.

११ सप्टेंबर

टपालाचं टेबल आकांक्षा मॅडमकडे आहे. डबा खाताना हळूच म्हणाल्या, “भूषण सर, तुमचा परिवीक्षेचा अहवाल जानेवारीत जाईल. कामाचा रकाना कोरा राहिला तर कायम करत न्हाईत. माहीत हाय ना?”

नव्हतं माहीत.

म्हणजे काम द्यायचं नाही, आणि काम केलं नाही म्हणून घरी पाठवायचं! काय डोकं आहे या लोकांचं! आणि यात कोणी दुष्ट नाही, याचीच जास्त शिसारी येते. सगळे मायाळू. सगळ्यांना माझी दया येते.

१५ सप्टेंबर

कॉम्प्युटर वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळतो. घरच्या लॅपटॉपवर आहे माझ्याकडे. एक बाई बोलते त्यात, मी टाइप केलेलं अक्षर न् अक्षर सांगते. इथल्या कॉम्प्युटरवर टाकायला पासवर्ड लागतो. पासवर्ड हिंगोलीच्या एका माणसाकडे. तो माणूस फोन उचलत नाही.

साहेब म्हणाले, “कॉम्प्युटर बोलाया लागला तर हापिसात गलका व्हईल.”

इअरफोन लावतो म्हणालो.

“मग मी बोलवलं तर ऐकू कसं येईल?”

तुम्ही बोलावता कशाला? ‘बसा’ म्हणायलाच ना? – हे मनात. तोंडाने ‘बरं’ म्हणालो आणि त्या ‘बरं’चीही किळस आली.

२१ सप्टेंबर

बसलो.

२८ सप्टेंबर

रविवारी गावी गेलो होतो. ओट्यावर शेजारणी जमल्या होत्या आणि आई त्यांना सांगत होती, “आमच्या भूषणला नुसतं बसायचं काम हाय बाई. हात हलवायची गरज न्हाई.” केवढा अभिमान आवाजात! तिने जन्मभर दुसऱ्याच्या रानात वाकून खुरपलं, तिला बसणं म्हणजे स्वर्गच वाटणार. तिला काय सांगू?

चहा अर्धाच टाकून उठलो.

९ ऑक्टोबर

कार्यालय ‘दिव्यांगस्नेही’ झालं! तपासणी येणार म्हणून अंगणात उठावाच्या फरशा बसवल्या. पायाला आणि काठीला कळतात त्या. फाटकापासून दारापर्यंत सरळ नेणाऱ्या. कोणाचा हात न धरता दारात जाता येणार म्हणून मी खूश. सकाळी लवकर आलो, काठी लावली, निघालो.

चाललो, चाललो. दार येईना. काठीला ध्वजाचा खांब लागला. पुढे गेलो. पुन्हा खांब! तिसऱ्यांदा खांब लागल्यावर पायरीवरून हसू फुटलं. दोघंतिघं तरी होते.

नरसिंगमामा धावत आले. “सर, फरश्या उरल्या व्हत्या, तर गवंड्यानं खांबाभवती गोल काढला. डिझाइन केलं. लई भारी दिसतं!”

“कोणाला दिसतं मामा?”

“सगळ्यांला!”

आणि वर – “आता औंढ्याला नागनाथाच्या देवळात जायचं कामच न्हाई सर, हितंच प्रदक्षिणा झाली.” पुन्हा हशा. मीही हसलो. का हसलो? थू!

तपासणीवाले येऊन फोटो काढून गेले. छान म्हणाले.

३ डिसेंबर

दिव्यांग दिन. शाल, नारळ, हार. हार प्लास्टिकचा, मानेला टोचत होता. भाषणात ‘आपले दिव्यांग बांधव’, ‘दैवी देणगी’, ‘सहावं इंद्रिय’. सहाव्या इंद्रियाला एक टेबल द्या की!

मग साहेबांनी माइक माझ्या हातात दिला. “आता भूषण एक गाणं म्हणतील.”

गाणं! मी इतका बेसूर आहे की लहानपणी आईसुद्धा म्हणायची, गप बस लेकरा, कोंबड्या भितात. पण आंधळा म्हणजे गळा असणारच, हे यांनी परस्पर ठरवून टाकलं.

“मला गाणं येत नाही,” म्हणालो. “टायपिंग येतं.”

लोक हसले. हिंगोलीहून पाहुण्या म्हणून आलेल्या मोठ्या मॅडम हसल्या नाहीत बहुतेक. त्यांचा आवाज आला, “तुम्ही इथे काम काय करता?”

तोंडातून निघून गेलं – “बसतो, मॅडम.”

आधी हशा. मग तो एका बाजूने विझत गेला. खुर्च्या करकरल्या. कोणीतरी उगाच खोकलं. साहेबांची सुपारी पुन्हा थांबली.

आता काय होईल ते होवो. फार बरं वाटतंय!

५ डिसेंबर

पासवर्ड सापडला. तीन महिने न उचलणाऱ्या माणसाने पहिल्या रिंगला फोन उचलला म्हणे! लाज नाही यांना.

जावक टपालाचं टेबल मला. हाताने लिहिलेले अर्ज आकांक्षा मॅडम वाचून दाखवणार, उत्तरं मी टाइप करणार. साहेबांनी दिलं ते घाबरून दिलं. देऊ दे. यंत्रातली बाई कानात पहिलं अक्षर बोलली तेव्हा तेच अक्षर पुन्हा दोनदा दाबून ऐकलं. कोणाला कळू दिलं नाही.

२२ डिसेंबर

काम. काम. काम! साचलेलं टपाल उपसतोय. आज नरसिंगमामा मध्येच काहीतरी विचारायला आले, मी खेकसलो, “दिसत नाही का, कामात आहे?” सगळं कार्यालय हसलं, मीही. या वेळचं हसू वेगळं होतं. टेबल असलेल्या माणसाचं होतं.

१९ जानेवारी

अहवाल गेला. ‘काम समाधानकारक.’ आईला फोन केला. म्हणाली, “म्हंजे आता बसायला भेटत न्हाई व्हय रे?” बिचारीला वाईटच वाटलं.

जारजवळची खुर्ची रिकामी आहे. जाता येता काठीला लागते. मुद्दाम जरा जोरात मारतो.

२ फेब्रुवारी

सकाळपासून तातडीचं पत्र. साहेब दर पाच मिनिटांनी झालं का, झालं का. तेवढ्यात नरसिंगमामा, “सर, नवी मॅडम आली, शिवकन्या. ऐकू येत न्हाई, बोलता येत न्हाई. साहेब म्हणले, तुमच्या हाताखाली द्या. काय करू?”

मला तिच्या खुणा दिसणार नाहीत, तिला माझं बोलणं ऐकू येणार नाही. डोक्यात ते पत्र. बोटं न थांबवता म्हणालो, “बसवा तिकडं जारजवळ. पगार काय, चालूच आहे तिचा.”

पत्र संपलं. जेवणाची सुट्टी संपली. दुपार टळत आली तेव्हा शेजारी बांगडी वाजली. कोणीतरी माझा हात कीबोर्डवरून अलगद बाजूला केला आणि टाइप करू लागलं. यंत्रातली बाई माझ्या कानात एकेक शब्द बोलत गेली –

“बसून कंटाळा आला सर. काम द्या.”