बोर्ड नवा, सिस्टीम तीच

सोमवार, ३ मार्च
हिचा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडला. आज चौथ्यांदा. झाकण उघडून टॉर्च मारला. निदान: मदरबोर्ड गेला.
ही कपड्यांचे साचे याच मशीनवर काढते. बावीस नर्सेसच्या गणवेशांचे साचे शनिवारी कटिंग मास्टरकडे पोचायला हवेत. साच्यांचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी कधीच बंद झाली, सीडी हरवली. ऑपरेटिंग सिस्टीम पुसून नव्याने टाकली तर सॉफ्टवेअर गेलं ते गेलंच. ही म्हणाली, रिपेअरवाल्याला बोलवू. म्हटलं, तो आल्या आल्या फॉरमॅट मारेल. डिस्क तशीच ठेवून फक्त बोर्ड बदलायचा. दोन तासांचं काम. व्हिडिओ पाहिलाय. अर्धा पाहिला, पुढचं अंदाजाने कळतं.

मंगळवार, ४ मार्च
ऑफिसला पोटदुखी कळवली. नवा बोर्ड आणला.
११.१० जुना काढला. नऊ स्क्रू.
१.३० नवा बसवला. सात स्क्रू. नव्या डिझाइनला कमी लागत असावेत.
१.५० पंखा फिरला. हिला बोलावून दाखवला. पंखा फिरतोय, हे तिने मान्य केलं.
२.०० निळा स्क्रीन.
४.४० निळाच. सिस्टीम नव्या बोर्डाला सरावतेय. वेळ द्यायला हवा.

बुधवार, ५ मार्च
वेळ दिला. निळाच.
सेटिंगमध्ये शिरून एकेक पर्याय बदलत गेलो. काय काय बदललं ते लिहून ठेवायला हवं होतं. आता स्क्रीन काळा. कालचा निळा बरा होता.
हिने विचारलं, शनिवारपर्यंत होईल ना? तो 'ना' मला आवडला नाही. म्हटलं, संध्याकाळपर्यंत. कुठल्या, ते बोललो नाही.

गुरुवार, ६ मार्च
पोटदुखीचा तिसरा दिवस. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. ही गुडघे टेकून खाकी कागदावर पट्टी-पेन्सिलने साचे आखतेय. म्हटलं, एवढी घाई कशाला, मी करतोय ना. वर न बघता म्हणाली, तिथे पाय देऊ नका, बाही आहे.
हा सरळसरळ अविश्वास आहे.
दुपारी तिची पाठ धरली. शेकायची पिशवी नेऊन दिली. पाठीला लावून पुन्हा आखायला बसली.

शुक्रवार, ७ मार्च
ऑफिसातून आलो तर माझ्या खुर्चीत रिपेअरवाला. हिने बोलावलेला. त्याने दोन सेटिंग बदलल्या आणि सिस्टीम जशीच्या तशी उघडली. फॉरमॅट नाही, काही नाही. मी हिच्याकडे पाहिलं. मग त्याने साच्यांचं सॉफ्टवेअर उघडलं. उत्तर आलं: हा कॉम्प्युटर ओळखीचा नाही. रिपेअरवाला म्हणाला, लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं, कुठाय तो? म्हटलं, तो गेलाय. त्याने जुना बोर्ड स्वतःकडच्या पॉवर सप्लायवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, लावला. तासभर सुरळीत चालला. म्हणाला, बोर्ड ठणठणीत आहे, तुमचा पॉवर सप्लाय खराब होता.
ही चहा टाकायला उठली. त्याच्यासाठी.

शनिवार, ८ मार्च
जुना बोर्ड, नवा पॉवर सप्लाय. सॉफ्टवेअर चालू.
कागदी साच्यांची गुंडाळी मास्टरकडे मीच पोचवली. तो म्हणाला, मॅडमना सांगा, कॉम्प्युटरपेक्षा हे बरे आहेत. घरी हिने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, काही नाही.
सिस्टीम पुन्हा न टाकता बोर्ड बदलता येतो, हे मात्र मी सिद्ध केलं. दोनदा.
आत्ता ही आतून म्हणाली, मिक्सर आवाज करतोय. उठलो. तर म्हणाली, तुम्ही बसा, रिपेअरवाला सोमवारी येतोय.