रिकामं भांडं परत देऊ नये

रविवार, ३ फेब्रुवारी २००८

उत्कर्षा हैदराबादला गेली. दोन आठवड्यांचं ट्रेनिंग. पाच वर्षांनी पुन्हा नोकरी करायची म्हणते. आल्यावर सोमवारी कंपनीला हो की नाही ते कळवायचंय. तिचं म्हणणं, हे घर तिच्याशिवाय चालतं का, ते बघून ठरवू. म्हटलं, चालतंय काय, पळेल. ऑफिसात अख्खी टीम सांभाळतो. इथे दोनच जण. साई सिनियर केजीत, रेवा तीन वर्षांची. दोघांचं वजन मिळूनसुद्धा माझ्या निम्मं होत नसेल.

वाशीमहून आईंना बोलावू का, असं तिने विचारलं होतं. नको म्हटलं. पोळ्यांना बाई लावू का? तीही नको. सिस्टिम असली की माणसं लागत नाहीत.

उद्यापासून साडेपाचला उठणे. प्राणायाम. डबा. मुलांशी संवाद.

सोमवार, ४ फेब्रुवारी

सव्वासातला उठलो. अलार्म वाजला असणार, कारण तो बंद केलेला होता. प्राणायाम उद्यापासून.

पोळी केली. गोल झाली नाही, पण चवीचा आकाराशी संबंध नसतो. साईने ती वाकवून पाहिली. वाकेना. डब्यात बिस्किटं दिली. शाळेत सोमवारी पोळीभाजीच लागते म्हणे. वहीत बाईंचा शेरा आलाय, पालकांनी लक्ष द्यावे. उत्कर्षा इथे नसली तरी हा शेरा तिलाही लागू आहे.

संध्याकाळी समोरच्या वेणूबाईंनी पातेलंभर खिचडी आणून दिली. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, बोलणं बेताचं. म्हणाल्या, "मुलांसाठी आहे. उरली तर तुम्ही खा." उरवली.

उत्कर्षाचा फोन. काय जेवलात? खिचडी. कोणी केली हे तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. यात खोटं काही नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पाळणाघर साडेसहाला बंद होतं, ही माहिती मला कुणीही दिली नव्हती. (फ्रिजवर लावली होती. पण फ्रिजवर बरंच काही लावलेलं असतं.) हिंजवडीहून धावतपळत आलो तर मुलं वरच्या मजल्यावर मैनावहिनींकडे पिठलं-भाकरी खात बसलेली. आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे सगळ्या बिल्डिंगची मुलं त्यांना आपलीच वाटतात. पाळणाघरातून फोन त्यांनाच गेला होता. मी सॉरी म्हणायला लागलो तर म्हणाल्या, "पोरं काय जड हायेत व्हय आमाला? हातपाय धुवून या तुमी, भाकर हाय." वर डबाभर शेंगदाण्याची चटणी दिली.

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे आपले संस्कार. म्हणून पातेलं आणि डबा घासून ओट्यावर ठेवलाय. स्वतः काहीतरी करून, भरून परत देणार. चार बिस्किटं घालून भागवणाऱ्यांतला मी नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

पाणी बंद. पेपरात होतं म्हणे. पेपर वाचायला वेळ कुठे होता?

मुलांना ओल्या टॉवेलने पुसलं आणि पावडर लावली. जिन्यात वेणूबाई. मुलांकडे बघून म्हणाल्या, "बादलीभर पाणी हवं असेल तर मागावं. मुलं म्हणजे फर्निचर नव्हे." बादली दिली. आता ती काय भरून परत द्यावी, हा प्रश्न आहे.

दुपारी टीमला टाइम मॅनेजमेंटवर प्रेझेंटेशन दिलं. फार छान झालं. त्या नादात पाळणाघर पुन्हा राहिलं. मैनावहिनी. मसालेभात, कढईसकट.

प्राणायाम सोमवारपासून. आठवड्याच्या मध्ये सुरू केलेली गोष्ट टिकत नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

तळमजल्यावरूनही उसळ आली. बातमी पसरली असावी. पुरुषमाणूस एकट्याने घर चालवतोय म्हटल्यावर लोकांना कौतुक वाटणारच. ओट्यावर जागा उरलेली नाही, काही भांडी वॉशिंग मशीनवर मांडली.

साई संध्याकाळी घरी आला की विचारतो, "बाबा, आज कोणाची भाजी?" ही सवय मोडायला हवी. रेवा रोज सकाळी कंगवा घेऊन समोर जाते. मी एकदाच तिचे केस बांधले होते. रबर शेवटी कात्रीने काढावं लागलं.

रविवार, १० फेब्रुवारी

मोठा बेत. शिरा करून सगळी भांडी एकदम भरायची, मुलांना बरोबर घेऊन घरोघर द्यायची. किलोभर रवा आणला. आपल्याकडे एवढं मोठं भांडं नाही, म्हणून मैनावहिनींचीच कढई घेतली.

रवा भाजत असताना ऑफिसचा फोन. सर्व्हर पडला होता. क्लायंट थांबत नाही, रवा थांबेल असं वाटलं होतं. कढईच्या काठावर 'चि. रणजितच्या विवाहाप्रीत्यर्थ' असं कोरलेलं आहे. रणजित अजून दिसतो, विवाह काळा पडला.

वरवरचा शिरा वाचवून मुलांना दिला. साई म्हणाला, "बाबा, हा खायचा की चिकटवायचा?" विनोदबुद्धी माझ्यावर गेली आहे.

बुधवार, १३ फेब्रुवारी

वेणूबाईंनी बेल वाजवली. "आमची पातेली परत आली तर उद्याची आमटी कशात करायची ते ठरवता येईल."

मी म्हटलं, रिकामी कशी देऊ, बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, "भरून पाठवायला मी आहे. रिकामी करायला तुम्ही आहात. यात तुम्हाला अडचण काय आहे?"

लोक आपल्या भल्यासाठीच बोलतात, पण तत्त्वाला मुरड घालायची नाही. शनिवारी सकाळी लवकर उठून पोहे करणार आणि सगळी भांडी भरून देणार. उत्कर्षा दुपारी येतेय. तोवर ओटा लख्ख.

शनिवार, १६ फेब्रुवारी

उत्कर्षा सकाळीच आली. आदल्या दिवशीचं तिकीट मिळालं म्हणे. मी झोपलो होतो, मुलं समोर वेणूबाईंकडे दूध पीत होती. पोहे भिजवायचे राहिलेच.

उठून बघतो तर ती ओट्यासमोर. एकेक भांडं उचलून नाव वाचत होती, वर्गात हजेरी घेतात तशी. सौ. वेणू हिस मंगळागौरीनिमित्त, १९६८. चि. रणजितच्या. मग तळमजला. मग पलीकडचा जिना. शेवटी विचारलं, "आपली भांडी कुठेयत?"

आपली जागच्या जागी होती. पहिल्या पोळीचा तवा सोडला तर एकाही भांड्याला हात लागला नव्हता. मी म्हटलं, बघ, दोन आठवड्यांत एक चरा नाही. ती आधी खूप हसली, मग हसू ओसरलं आणि तिथेच स्टुलावर बसली. मला वाटलं, गेली नोकरी. तेव्हा खरंच भीती वाटली, आणि लाजही. पाच वर्षं हिने या ओट्यापाशी काढली आणि मला दोन आठवडे... असो.

मग तिने बॅग उघडली, हैदराबादची बिस्किटं काढली, प्रत्येक भांड्यात चार-चार घातली आणि मुलांना घेऊन निघाली. साईला अजून नीट वाचता येत नाही, पण कुठलं भांडं कोणाचं हे त्याला पाठ. दुपार झाली तरी परत येईनात. आल्यावर काय बोलणं झालं म्हणून विचारलं. म्हणाली, "ठरलं सगळं."

काय ठरलं ते मला विचारून ठरलेलं नाही.

सोमवार, १८ फेब्रुवारी

कंपनीच्या एचआरचा फोन आला, शेफाली नावाची मुलगी. उत्कर्षाने स्पीकर लावला. मी मुद्दाम शेजारी बसलो. अशा वेळी नवऱ्याचे दोन शब्द कामी येतात. घसाही साफ करून ठेवला.

उत्कर्षा म्हणाली, मी जॉइन होतेय. शेफाली म्हणाली, "ग्रेट. मॅम, तुमची मुलं लहान आहेत ना, घरी सपोर्ट सिस्टिम आहे का?"

"हो, आहे ना," उत्कर्षा म्हणाली. "आमची बिल्डिंग आहे."

दोघी मग ऑफिसच्या गाडीच्या वेळेबद्दल बोलत राहिल्या. फोन ठेवेपर्यंत मी शेजारीच बसून होतो.

दुसऱ्या मजल्यावर राहतो. तेव्हा बिल्डिंग म्हटल्यावर त्यात मीही आलोच.