बावन्नावा दिवस

माधवनगर, गुरुवार

ती. पूजामावशीस सृष्टीचा सा. नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे, वॉर्डातल्या ड्युट्या कमी झाल्या का, साताऱ्यात थंडी कितपत आहे, हे तिन्ही प्रश्न मनापासून आहेत. पत्र एवढ्यासाठी, की आमच्याकडे फोन स्पीकरवर लावूनच बोलतात आणि तुझे मेसेज काका मोठ्यानं वाचतात. विषय माझ्या पाळीचा आहे. आज बावन्नावा दिवस, आलेली नाही. (तू विचारण्याआधीच सांगते, तसलं काही कारण नाही. आईचंही विचारून झालं, डाळ निवडता निवडता, डाळीकडे बघत.)

कारखान्यात मी सुट्या भागांची मापं तपासते, हे तुला माहीत आहेच. पाळीच्या तारखाही सहा वर्षं लिहून ठेवल्यात. सरासरी एकोणतीस, फरक फार तर दोन दिवसांचा. चूक ही झाली, की तो तक्ता मी शालूआत्याला दाखवला. तेव्हापासून घरातली कार्यं आधी माझ्या तक्त्यावर आणि मग पंचांगात बघतात. तरी म्हसवडच्या रथयात्रेला अडचण येत होती, म्हणून आत्यानं पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्या. मग कडेगावच्या वास्तुशांतीला. मग काकांच्या ऋषिराजच्या हळदीला. डॉक्टरला न विचारता ओळीनं तीनदा! कारखान्यातल्या यंत्राशी कुणी असं वागलं असतं तर मी लेखी खुलासा मागितला असता. इथं मुकाट्यानं गिळल्या.

आता आत्याच्या मते दोष कंपनीतल्या एसीचा. ("आगं, गारठ्यात बसून बसून गोठलं आसंल ते!") उपाय म्हणून पपई आणि जिने. आठवड्यात चार पपया संपवल्या, परिणाम शून्य. आबांना फक्त 'सृष्टीचं काम अडलंय' एवढंच सांगितलंय. ते सैन्यातून निवृत्त झाले, आवाज झाला नाही. रोज जिन्यातून विचारतात, "सृष्टीचं काम झालं का न्हाई?" त्यावर खालचे भाऊसो म्हणाले, "तलाठी आमच्या वळखीचा हाय हवालदार, सांगू का?"

जिने चढताना सोबतीला आई असते. परवा दुसऱ्या मजल्यावर तीच खाली बसली. ओठ पांढरे. "मला काय धाड भरलीया? तू चढ." मला झोप नाही. काळजीनं पाळी लांबते म्हणतात, आणि पाळी लांबली की काळजी वाढते. (असली रचना माझ्याकडे तपासायला आली असती तर मी नापास केली असती.)

बाकी ठीक. पपई कापून आली आहे, थांबते.

तुझी
सृष्टी

ता. क. रविवारी ये. सांगलीची हळद न्यायला आलीस म्हण. अकरा वाजता सांगलीत एका डॉक्टरबाईंकडे दोन नावं लावली आहेत. दुसरं आईचं. साडीखाली वाळत घातलेली कापडं मी मोजते. तिचं एकोणीस दिवस झाले थांबलेलं नाही, आणि असा हा तिसरा महिना. पाळी ढकलायच्या माझ्या गोळ्यांतल्या सहाही कमी आहेत. देवघर अडू नये म्हणून तीच घेते. विचारलं तर "ह्या वयात व्हतंच" म्हणते. असेलही. पण तपासल्याशिवाय मी काही पास करत नाही.

ता. क. २. शुक्रवार सकाळ, कुरिअरचं पाकीट चिकटवताना. माझी आली. आईला सांगू नकोस. स्वतःसाठी ती रिक्षात बसायची नाही, माझ्यासाठी बसेल. रविवारपर्यंत मी पपई खात राहीन.