मेल्यानंतरचं हसू

चिदंबरनाथन सरांना रागातच नमस्कार,

नव्या सिनेमातही मला मारताय म्हणे! आजवर विहिरीत ढकललंत, साप डसवलात, एकदा तर मध्यंतराआधीच उरकलंत. मदुराईच्या बाजारात बायका विचारतात, "अक्का, तुम्हाला हसता येतं का हो?"

येतं की! मरणाचा सीन झाला की अपशकुन टळावा म्हणून मेलेल्याने कॅमेऱ्यात बघून हसायचं, हा आपला रिवाज. तेवढंच माझं हसू, आणि तेही पडद्यावर येत नाही.

पण एक सांगा, सर. माझं मरण तुम्ही पहिल्याच टेकला ओके करता. मग त्या हसण्याचेच पाच-पाच टेक का घेता?

जाऊ दे. हे पत्र फाडते आणि उद्या मरायला वेळेवर येते.

तुमची दर सिनेमातली हिरोईन,
तिलकवती