थडग्यातला चोर का बदललात?

चिक्कडपल्ली, हैदराबाद
नोव्हेंबर १९९६

ती. बाबांना,
नमस्कार, पण रागातला.

मी बरी आहे. दिलसुखनगरच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवणं नीट चाललंय. आज दिवाळी अंक मिळाला आणि डोकंच फिरलं. माझी इजिप्तची रहस्यकथा तुम्हाला फक्त टाइप करायला दिली होती ना? राजाचं थडगं खोदणाऱ्या कारागिरानंच ते फोडलं आणि आळ स्वतःच्या लेकीवर येऊ दिला, असा शेवट होता. तुम्ही तिथे परका व्यापारी कशाला घुसवलात? बुजवलेल्या भुयाराची वाट त्याला कोण सांगणार?

आईचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढू देऊ नका.

बाबा, तो बाप मी पुस्तकं वाचून रचला होता. तुम्ही माझ्या मनातही नव्हतात. आता मात्र त्याला तुमचाच चेहरा आहे.

तुमचीच,
मृणाल